सॅच्युरेशन ९९ असेल तर कॅप्नोग्राफ कशाला?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन नाशिकमधल्या छोट्या रुग्णालयात ठरलंय, तिथे सॅच्युरेशनचं (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं) यंत्र आहे पण कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून रेघ काढणारं यंत्र) नाही, तर चालेल का. पूर्ण भूल देऊन श्वासनळीत ट्यूब टाकणार असतील तर चालणार नाही. भूलतज्ज्ञ म्हणून गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत केसेस करताना याच मुद्द्यावर मी इतक्यांदा भांडले आहे की इथे सविस्तर लिहिते.

एका नर्सिंग होममध्ये पित्ताशयाची केस होती. ट्यूब टाकली. छातीवर दोन्ही बाजूंना हवा ऐकू येत होती, ट्यूबमध्ये वाफ धरत होती, सॅच्युरेशन ९९. कॅप्नोवर मात्र पहिल्या तीन-चार श्वासांना बारके उंचवटे आले, प्रत्येक आधीच्यापेक्षा बुटका, आणि मग रेघ सपाट. सर्जन म्हणाले, "मॅडम, नळीत पाणी गेलं असेल, यंत्र दगा देतंय, सुरू करू."

पाणी जातं हे खरं. श्वासाचा नमुना कॅप्नोकडे नेणारी सॅम्पलिंगची बारीक नळी वाफेने तुंबते, पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप भरतो. पण ते तपासायला पाच सेकंद लागतात: नळी श्वास देणाऱ्या सर्किटपासून काढायची आणि तिच्या तोंडाशी आपणच श्वास सोडायचा. मी सोडला, रेघ झपकन वर गेली. म्हणजे यंत्र ठीक, ट्यूब अन्ननलिकेत. मास्कने दिलेल्या श्वासांतला थोडा कार्बन डायऑक्साइड पोटात जातो, तेच ते विरणारे उंचवटे. पोटातला आवाज छातीवर ऐकू येतो, विशेषतः बारीक माणसात आणि मुलांत. वाफही पोटातून येते.

ट्यूब काढली, मास्कने श्वास दिले, बूजीवरून (ट्यूबला वाट दाखवणाऱ्या लवचिक काडीवरून) पुन्हा टाकली. आता कॅप्नोवर ३६ चा आकडा, चौकोनी लाटा, म्हणजे ट्यूब श्वासनळीत. या सगळ्यात सॅच्युरेशन ९७ च्या खाली आलं नाही, आणि सर्जन आजही तेच पुरावा म्हणून सांगतात: "बघा, सॅच्युरेशन पडलंच नव्हतं."

पडलं नाही कारण आपण थांबलो नाही! भूल देण्याआधी तीन मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन दिला की फुप्फुसात साधारण दोन लिटरचा साठा होतो आणि शरीर मिनिटाला अडीचशे मिलिलिटर वापरतं. धडधाकट माणसाचं सॅच्युरेशन सात-आठ मिनिटं तग धरू शकतं. लठ्ठ माणूस, गरोदर बाई, लहान मूल यांच्यात हा अवधी फारच कमी. सॅच्युरेशन पडू लागेपर्यंत साठा संपत आलेला असतो, आणि तोवर निम्मी मंडळी ट्यूब सोडून सॅच्युरेशनचा प्रोब, औषधं, दमा यांत कारण शोधतात. कॅप्नो पहिल्या काही श्वासांतच सांगतो. सपाट रेघ दिसली की ट्यूब चुकीच्या जागी, हे खोटं ठरेपर्यंत खरं धरायचं. हृदय बंद पडलेलं असलं तरी नीट छाती दाबत असाल तर लहानशा का होईना लाटा येतात, त्यामुळे 'हृदय बंद आहे म्हणून रेघ सपाट' ही सबबही चालत नाही.

ब्रिटनमध्ये २०११ साली श्वासमार्गाच्या गुंतागुंतींचा देशव्यापी आढावा, नॅप-४, प्रसिद्ध झाला. त्यात आयसीयूमधल्या मृत्यू आणि मेंदूच्या कायमच्या इजांपैकी ७४ टक्के प्रकरणांत कॅप्नोग्राफी नसणं हे एक कारण ठरलं. आपल्याकडे मुंबई-आग्रा महामार्गावरून अपघाताचा रुग्ण ट्यूब टाकून कॅज्युअल्टीत येतो, स्ट्रेचरवर उचलताना मान हलते, ट्यूब सरकते. अँब्युलन्सच्या आवाजात स्टेथोस्कोप काय ऐकणार? हातात मावणारे कॅप्नोमीटर मिळतात. मी माझा बॅगेतच ठेवते, तुमच्या भूलतज्ज्ञांकडेही असू शकतो. ॲडमिट होण्याआधी, भुलेआधीच्या (प्री-ॲनेस्थेटिक) तपासणीलाच सरळ विचारा: ट्यूब टाकणार का, आणि टाकल्यावर कॅप्नो चालू असेल का?

एक राहिलं. उघड्या पद्धतीचं हर्नियाचं ऑपरेशन बऱ्याचदा कंबरेत इंजेक्शन देऊन होतं, तेव्हा ट्यूबच नसते. मात्र ते इंजेक्शन कधी पुरेसं चढत नाही आणि ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून तेव्हाही कॅप्नो ऑपरेशन थिएटरमध्ये हवा. दुर्बिणीने करणार असतील तर विषयच संपला: पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो रक्तात शोषला जातो, आणि व्हेंटिलेटरचे श्वास किती वाढवायचे हे कॅप्नोच्या आकड्यावरूनच ठरतं.