फळांचं चित्र हुबेहूब येतं, पण त्यात भाव का उतरत नाही?

बडोद्यात घरी तैलरंगात सफरचंद, केळी, द्राक्षं रंगवता, फळं हुबेहूब येतात पण चित्र कॅलेंडरसारखं दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. कुठलं फळ कशाचं प्रतीक, याची यादीही मागितलीय.

यादीचा उपयोग सगळ्यात कमी. सफरचंद म्हणजे आदम-ईव्हचं पाप, द्राक्षं म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, हे युरोपातल्या प्रेक्षकाच्या अंगात मुरलेलं होतं. आपल्याकडे ती जागा ओटीतल्या नारळाची, कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातल्या महाळुंगाची (लिंबाच्या जातीचं मोठं फळ). बघणाऱ्याला आधीपासून माहीत असेल तेच प्रतीक बोलतं.

भाव येतो तो फळाच्या अवस्थेतून. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं फळांच्या टोपलीचं चित्र (साधारण 1599, मिलान) नीट बघा. सफरचंदाला किडीचं भोक, पानं वाळून आक्रसलेली, टोपली कडेच्या जराशी बाहेर आलेली. आणि मागची भिंत चक्क उजळ! उदास चित्राला काळी पार्श्वभूमी लागतेच असं नाही.

खंडेराव मार्केटमधून द्राक्षं आणलीत की धुऊ-पुसू नका. त्यांच्यावरचा धुरकट निळसर थर हीच त्यांची जान. एकाच मण्यावरून बोट फिरवा; तेवढा मणी गडद, चकचकीत होतो आणि कुणाचा तरी हात नुकताच लागून गेल्याचं कळतं. दोन-तीन मणी तोडून रिकामे देठ दिसू द्या. पावसाळा सरताना सीताफळ मिळालं तर दोन दिवस ठेवून, खवले सुटायला लागले की रंगवा. कापलेलं फळ असेल तर आधी तेच उरका, गर लवकर काळा पडतो.

मांडणीला तीन फळं पुरेत. ट्यूबलाइट बंद, एकच खिडकी, तीही डावीकडची. उजवीकडे काळा पुठ्ठा उभा करा. पांढरी भिंत असली की तिचा उजेड सावलीत शिरतो आणि सगळं सपाट होतं. रोज त्याच वेळी, दीड तासच बसा, कारण पुढे सावल्या सरकतात. फोटोवरून तर करूच नका, त्यात सावली नुसती काळी येते.

केळ्याच्या सावलीत काळा रंग घातला की ती हिरवट, मळकट होते. यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि किंचित जांभळा घालून बघा.