प्रागला दोन दिवस पुरतात का? सोबत सत्तरीचे आई-वडील आणि आठ वर्षांचा मुलगा आहे

पुरतात. पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य, ‘आई-वडील लवकर थकतात, त्यांना हॉटेलवर ठेवून आम्ही किल्ला बघून आलो तर चालेल का’, हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. नका ठेवू.

आम्ही दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. मी, आई, बाबा आणि जर्मनीत असणारा माझा मोठा भाऊ, वहिनी, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. दादाने तासातासाचा तक्ता करून आणला होता. त्यात सकाळी नऊला जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ, पंधरा मिनिटं. मग पूल, किल्ला, चर्च, बोट.

बाबांचं सांगलीत गणपती पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. एक्केचाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून बसले. टेबलावर काचेचे ग्लास उपडे घातलेले, प्रत्येक ग्लासाखाली एकेका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचे सुटे भाग. त्याच टेबलावर आम्हा दोघांची शिक्षणं झाली. अशा माणसाला १४१० साली बसवलेल्या आणि अजून चालणाऱ्या घड्याळासमोर पंधरा मिनिटं द्यायची?

नऊ वाजले. सांगाड्याने दोरी ओढली, वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे शिष्य एकामागून एक पुढे सरकले, कोंबडा आरवला, मिनिटभरात खेळ संपला. शंभरेक मोबाईल खाली आले आणि गर्दी पांगली. दादा निघाला. बाबा जागचे हलले नाहीत. गर्दी पांगल्यावरच त्यांनी घड्याळ बघायला सुरुवात केली.

त्या तबकडीवर सूर्य आणि चंद्र दोन्ही फिरतात, राशींचं कडं वेगळं फिरतं, आणि बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी आकड्यांत जुने बोहेमियन तास आहेत. ते सूर्यास्तापासून मोजायचे, चोवीस. बाबा म्हणाले, ‘आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, यांचा मावळतीला.’ मग राशीच्या कड्याकडे बघत बसले. घड्याळातला सूर्य वृषभेत होता आणि त्यांच्या खिशातल्या कॅलेंडरात मेषेत. मला वाटलं घड्याळ चुकलं. ते म्हणाले, ‘चुकलं नाही. हे सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेलं; आपलं निरयन, ताऱ्यांवरून. चोवीस अंशांचा फरक आहे.’

भाच्याने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं की आत तीन मोठी चाकं आहेत, राशींच्या चाकाला ३६५ दाते, सूर्याच्या ३६६, चंद्राच्या ३७९, आणि तिघांना एकाच दांड्यावरची चोवीस दात्यांची छोटी चाकं फिरवतात. एवढं ऐकल्यावर बाबांनी पेन मागितलं. समोरच्या कॅफेत खुर्च्या मिळाल्या, कॉफीला भरमसाट पैसे पडले, पण तिथल्या कागदी रुमालावर त्यांनी नातवाला मांडून दाखवलं. वर्षात सूर्याच्या फेऱ्या ३६५, ताऱ्यांच्या, म्हणजे राशींच्या कड्याच्या, एक जास्त, ३६६. म्हणून सूर्याच्या चाकाला एक दाता जास्त, म्हणजे ते तेवढंच हळू फिरणार. ३६६ दाते गुणिले ३६५ फेऱ्या, आणि तिकडे ३६५ दाते गुणिले ३६६ फेऱ्या. दोन्हीकडे आकडा एकच. त्या पोराचं मराठी तोडकंमोडकं आहे, पण आजोबांचं बोट धरून तो साडेबारापर्यंत तिथून उठला नाही. दहा, अकरा, बारा, तिन्ही वेळा सांगाडा बघितला.

दादा चिडला. ‘बाबा, आयुष्यभर घड्याळंच बघितलीत, इथं येऊन तेच?’ असं सगळ्यांसमोर म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत, रुमाल घडी करून खिशात ठेवला. आजही घरात कुणी प्रागचा विषय काढला की दादाचं ठरलेलं वाक्य असतं, ‘एवढ्या लांब नेलं आणि एक घड्याळ बघितलं.’ मला ते पटलं नाही आणि पटणार नाही. सत्तरीच्या माणसाला आठ ठिकाणं पळत दाखवली तर त्याला फक्त गुडघे आठवतात. तुमच्या वडिलांनी जन्मभर काय केलं ते आठवा, त्यांच्या कामातलं एक ठिकाण निवडा आणि तिथे त्यांना हवं तेवढं थांबू द्या. उरलेल्या वेळात शहर बघा.

किल्ला आम्ही दुसऱ्या दिवशी आरामात बघितला. खालून पायऱ्या चढू नका. २२ नंबरची ट्रॅम घ्या, ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर उतरा, तिथून सपाट चालत आत जाता येतं. सेंट व्हायटस चर्च चुकवू नका, १३४४ ला पाया घातला आणि पुरं झालं १९२९ ला. चार्ल्स पूल उजाडताच, नंतर तिथे धक्काबुक्की. घड्याळाच्या मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे. बोट सोडली तरी चालेल. रस्ते दगडी फरशांचे आहेत, आईला जाड तळव्याचे बूट घ्या. आणि तिथे युरो नाही, क्राऊन चालतो.

दादाबद्दल एवढं लिहिलं, पण रजा टाकून, स्वतःच्या पैशाने त्यानेच आम्हाला नेलं, हेही खरं. आणि आई अर्ध्या तासात कंटाळली होती, वहिनी तिला घेऊन पुलावर गेली, तर आई तिथे खूश. म्हणजे दोघांना दोन वेगळ्या गोष्टी लागतील, त्याची तयारी ठेवा.

तुमच्या मुलाला मायझेलोवा गल्लीतला ज्यू टाउन हॉल नक्की दाखवा, रस्त्यावरूनच दिसतो, तिकीट लागत नाही. त्यावर एक हिब्रू अक्षरांचं घड्याळ आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून त्याचे काटे उलटे फिरतात. बाबा मान वर करून पाच मिनिटं बघत होते. मग भाच्याला म्हणाले, ‘यात अवघड काही नाही. मध्ये एक चाक जास्त घातलं की काटा उलटा फिरतो. घरी गेल्यावर तुला करून दाखवतो.’