डिझेल गाडीच्या टाकीत टू-टी ऑइल टाकावं का?

तुमच्याकडे दोन डिझेल गाड्या आहेत. एक जुनी, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या मेकॅनिकल रोटरी पंपाची. दुसरी कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल) आणि डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). दर टाकीला दोनशेला एक या प्रमाणात टू-स्ट्रोकचं टू-टी ऑइल टाकलं की पंप आणि इंजेक्टर जास्त टिकतात, इंजिनची खटखटही कमी होते, असं तुम्ही ऐकलंय आणि टाकावं का ते विचारलंय.

डीपीएफवाल्या गाडीत टाकू नका. जुन्या गाडीत योग्य प्रकारचं ऑइल टाकलं तर नुकसान होणार नाही, पण ज्या फायद्यासाठी तुम्ही ते टाकणार आहात तो बहुतेक वेळा पेट्रोल पंपावरून भरलेल्या डिझेलमध्ये आधीपासूनच असतो. आता कारणं सांगतो, कारण या विषयावर नुसतं हो किंवा नाही सांगणारे पुष्कळ भेटतात.

मी डिझेल पंप आणि इंजेक्टर खोलून दुरुस्त करण्याचं, टेस्ट बेंचवर लावून सेट करण्याचं काम करतो. हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि त्यामागची काळजी अगदी रास्त आहे. इंजिनातल्या पिस्टनला, बेअरिंगला इंजिन ऑइल मिळतं. रोटरी पंपाला ते मिळत नाही. त्याच्या आतली व्हेन, कॅम प्लेट, रोलर, प्लंजर हे सगळं डिझेलमध्ये बुडालेलं असतं आणि डिझेल हेच त्यांचं वंगण. प्लंजर आणि त्याच्या बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. बहुतेक गाड्यांच्या कॉमन रेल हाय प्रेशर पंपातही हीच व्यवस्था असते, फक्त तिथे दाब 1600 ते 2000 बारपर्यंत आणि काही गाड्यांत त्याहूनही वर जातो. डिझेलचा वंगण म्हणून असलेला गुण कमी पडला तर पहिला मार पंपालाच बसतो. (जुन्या इनलाइन पंपांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या कॅमशाफ्टला बऱ्याचदा इंजिन ऑइलचा पुरवठा असतो, म्हणून ते पंप दणकट निघतात.)

हा गुण एकदा खरोखरच कमी पडला होता. स्वीडनने 1991 मध्ये अगदी कमी गंधकाच्या डिझेलला करात सवलत दिली. ते डिझेल वापरात आलं आणि मागोमाग रोटरी पंप अकाली झिजायला लागले. गंधक गेलं म्हणून वंगण गेलं, असं पुष्कळ जण अजूनही सांगतात, पण दोष गंधकाच्या जाण्याचा नाही. गंधक काढायला डिझेलवर मोठ्या दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करतात. त्या प्रक्रियेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेले काही रेणूही नाहीसे होतात, आणि धातूला चिकटून त्यावर पातळसा थर धरणारे नेमके तेच असतात.

मग रिफायनऱ्यांनी यावर उपाय काढला आणि तो आजही चालू आहे. गंधक काढून झाल्यावर मेदाम्लं किंवा एस्टर या वर्गातलं ॲडिटिव्ह, दर दहा लाख भागांत शे-दोनशे भाग इतक्याशा प्रमाणात, डिझेलमध्ये मिसळतात. पुरेसं मिसळलंय की नाही हे बघायला चाचणीही ठरली. 6 मिलिमीटरची पोलादी गोळी 60 अंशांच्या डिझेलात बुडवलेल्या पोलादी चकतीवर 200 ग्रॅम भार देऊन 75 मिनिटं घासतात आणि गोळीवर पडलेला ओरखडा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. या चाचणीला एचएफआरआर म्हणतात. ओरखडा जितका लहान, तितकं डिझेलचं वंगण चांगलं. युरोपच्या ईएन 590 मानकात तो 460 मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही, अमेरिकेत 520 पर्यंत चालतो आणि भारतातल्या बीएस-6 डिझेललाही 460 चीच मर्यादा आहे. त्यामुळे 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाचं डिझेल कोरडं असतं हा समज रिफायनरीतून बाहेर पडण्याआधीच्या डिझेलबद्दल खरा आहे. आपण टाकीत भरतो त्या डिझेलबद्दल तो खरा नाही.

आता टू-टी ऑइलची बाजू. ते डिझेलचं वंगण वाढवतं का? हो, थोडंफार वाढवतं. अमेरिकेत 2007 च्या सुमारास डिझेल गाड्यांच्या चाहत्यांनी बाजारातली बरीच ॲडिटिव्ह स्वतंत्र प्रयोगशाळेत याच चाचणीने तपासून घेतली होती. मुद्दाम ॲडिटिव्ह न घातलेलं डिझेल घेतलं, त्याचा ओरखडा 636 मायक्रॉन आला. त्यात दोनशेला एक या प्रमाणात टीसी-डब्ल्यू3 दर्जाचं (बोटींच्या इंजिनांसाठीचं) टू-स्ट्रोक ऑइल घातल्यावर तो 474 वर आला. सुधारणा चांगलीच आहे, पण ती 460 च्या मर्यादेच्या अलीकडे येऊन थांबली, म्हणजे युरोपच्या मानकात ते डिझेल नापासच ठरलं असतं. त्याच चाचणीत फक्त 2 टक्के सोयाबीनचं बायोडिझेल घातलेल्या नमुन्याचा ओरखडा 221 आला. वापरलेलं इंजिन ऑइल घातलेला नमुना 634 वर, म्हणजे जिथल्या तिथे राहिला.

हे आकडे मी मुद्दाम देतोय, कारण टू-टीचे समर्थक आणि विरोधक दोघंही त्यातला सोयीचा अर्धा भागच सांगतात. टू-टी ऑइल काहीच करत नाही हे खोटं. पण ज्या डिझेलवर त्याने सुधारणा दाखवली ते डिझेल विक्रीला येतच नाही. विक्रीचं डिझेल आधीच ओरखड्याच्या मर्यादेत बसवलेलं असतं, त्यात आणखी काही घातल्यावर मिळणारा फायदा झपाट्याने कमी होत जातो. धातूवर थर धरणाऱ्या रेणूंना जागा मर्यादितच असते.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. ऑइल जाड आहे, म्हणून डिझेल जाड होईल आणि जास्त वंगण देईल, असं वाटतं. दोनशेला एक म्हणजे अर्धा टक्का. त्याने डिझेलच्या घट्टपणात पडणारा फरक नगण्य असतो, आणि पंप वाचतो तो घट्टपणापेक्षा पृष्ठभागाला चिकटणाऱ्या थरामुळे. म्हणून जास्त घातलं तर जास्त फायदा, हे गणित इथे लागू होत नाही. पन्नासला एक, पंचवीसला एक असं टाकणारेही मी पाहिलेत. त्यांना धूर आणि नोझलवरची काजळी याखेरीज काही मिळालं नाही.

डीपीएफवाल्या गाडीत टाकू नका असं मी का म्हटलं, ते राखेचं गणित आहे. डीपीएफमध्ये दोन गोष्टी साठतात. काजळी आणि राख. काजळी साधारण 600 अंशांवर जळून जाते, त्यालाच रीजनरेशन म्हणतात. राख जळत नाही. ती ऑइलमधल्या कॅल्शियमसारख्या धातूंपासून तयार होते आणि फिल्टर काढून साफ करेपर्यंत किंवा बदलेपर्यंत आतच बसून राहते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं इंजिन ऑइल सक्तीचं असतं. एसीईए सी3 या युरोपीय दर्जाच्या ऑइलमध्ये सल्फेटेड राख (ऑइल जाळून मोजलेली राख) 0.8 टक्क्यांपर्यंतच चालते.

आता टू-टी बघा. दुचाकीसाठी मिळणाऱ्या, जासो या जपानी मानकाच्या एफसी, एफडी दर्जाच्या ऑइलला राखेची मर्यादा 0.25 टक्के आहे. इंजिन ऑइलपेक्षा कमी वाटते, पण इंजिन ऑइल जळतं थोडंसंच, टू-टी मात्र तुम्ही टाकाल तितकं सगळंच्या सगळं जळणार. 50 लिटरच्या टाकीत 250 मिलिलिटर टाकलं तर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास ऑइल झालं, म्हणजे एका टाकीला जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम राख. गाडी लिटरला 20 किलोमीटर देत असेल तर 10,000 किलोमीटरमध्ये दहा टाक्या लागतात, म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत राख. तेवढ्याच अंतरात इंजिनाने अर्धा लिटर ऑइल खाल्लं तर त्याची राख साडेतीन ग्रॅमच्या आत असते. म्हणजे फिल्टरमध्ये साठणारी राख तुम्ही स्वतःच्या हाताने दुपटीहून जास्त करू शकता. टीसी-डब्ल्यू3 ऑइल, जे बोटींच्या आउटबोर्ड इंजिनांसाठी असतं, ते राखविरहित असतं. त्यात धातू नसल्यात जमा, त्यामुळे हा हिशेब जवळपास शून्यावर येतो. तरीही कॉमन रेलच्या गाडीत तेही टाकायचा सल्ला मी देणार नाही. त्या नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असतात आणि इंधनात कशाची भर पडली तर काय होईल याची चाचणी त्या गाडीच्या कंपनीने टू-टी घालून केलेली नसते. पंप किंवा इंजेक्टर गेला, वॉरंटीचा दावा केला आणि इंधनाच्या तपासणीत ऑइल सापडलं, तर तुमची बाजू लंगडी पडते.

आणि साधं फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल, नवं असो वा काढलेलं, कुठल्याही डिझेल गाडीच्या टाकीत टाकू नका. त्यात जस्त असतं. इंजेक्टरवर काजळीचा थर किती लवकर बसतो हे तपासायच्या युरोपीय चाचणीत डिझेलमध्ये मुद्दाम जस्त मिसळतात, तेही फक्त 1 पीपीएम. तेवढ्याने नोझल चोंदायला लागतात आणि इंजिनाची ताकद मोजता येईल इतकी घटते. काढलेल्या ऑइलमध्ये वर धातूचा चुरा आणि काजळी असते, ते वेगळंच.

खटखटीबद्दल थोडक्यात. डिझेलची नॉकिंग मुख्यतः इंधन फवारल्यानंतर पेट घ्यायला किती उशीर लागतो यावर अवलंबून असते आणि तो गुण म्हणजे सीटेन. टू-टी ऑइल हे सीटेन वाढवायचं औषध नाही. त्यासाठी 2-इथाइलहेक्झिल नायट्रेट नावाचं वेगळं रसायन वापरतात. जुन्या रोटरी पंपाचा स्वतःचा आवाज थोडा मऊ होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण आवाज अचानक वाढला असेल तर टायमिंग, नोझलचं ओपनिंग प्रेशर आणि डिझेलच्या लाइनमध्ये एअर शिरलीय का ते तपासा. ऑइल टाकून तो आवाज दाबू नका, कारण तो तुम्हाला काहीतरी सांगतोय.

माझ्या बाकावर उघडून पडलेल्या पंपांपैकी नुसत्या वंगणाअभावी मेलेले फार थोडे असतात. बहुतेकांना पाण्याने मारलेलं असतं. प्लंजरवर गंजाचे तपकिरी ठिपके दिसतात, मग तिथून खरवड सुरू होते. त्याखालोखाल घाण, फिल्टर वेळेवर न बदलल्यामुळे आलेली. मग रॉकेलची भेसळ, जी वंगण आणि घट्टपणा दोन्ही एकदम कमी करते. आणि टाकी अगदी तळापर्यंत रिकामी करत गाडी चालवायची सवय. पाण्याच्या बाबतीत टू-टी उलट त्रास देऊ शकतं. त्यातली डिस्पर्संट रसायनं पाण्याचे बारीक थेंब डिझेलात तरंगत ठेवतात, आणि मग वॉटर सेपरेटरला पाणी वेगळं करणं अवघड जातं. म्हणून तुमच्या दोन्ही गाड्यांसाठी माझं सांगणं हेच: फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधीच बदला, सेपरेटरमधलं पाणी नियमित सोडा, पाऊण टाकी खाली झाली की भरून घ्या आणि जिथे खप जास्त आहे अशाच पंपावर डिझेल भरा.

जुन्या गाडीला काहीतरी द्यायचंच असेल तर डिझेलसाठीच बनवलेलं ल्युब्रिसिटी ॲडिटिव्ह घ्या, डब्यावर लिहिलेल्या मात्रेपेक्षा थेंबही जास्त नको. ते मिळत नसेल तर टीसी-डब्ल्यू3 ऑइल दोनशेला एक, तेही डिझेल भरण्याआधी टाकीत ओतून, म्हणजे नीट मिसळेल. पंपाच्या सीलमधून डिझेल झिरपत असेल तर मात्र कुठलंच ऑइल कामाचं नाही. जुनी नायट्राइल रबराची सीलं नव्या डिझेलात आकसतात, ती बदलून व्हायटॉन रबराची बसवून घ्या. आणि चुकून पेट्रोल भरलं गेलं तर त्यावर उतारा म्हणून टू-टी ओतू नका. इग्निशनची किल्लीही फिरवू नका, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप चालू होतो. टाकी उपसून घ्या.

डीपीएफवाल्या गाडीत एखाद्या वेळी तुम्ही आधीच टाकलं असेल तर घाबरू नका, एका टाकीने फिल्टर जात नाही. उरलेल्यात साधं डिझेल भरून गाडी चालवत राहा, पुढच्या वेळी टाकू नका.