रिकामी गव्हाण

चिऊ,

रविवारी गोठा मांडताना तू बाळ येशूला गव्हाणीत ठेवलंस आणि मी काही न बोलता त्याला उचलून कपाटात ठेवून दिलं. "मम्मी, बाळाला त्याच्या आईपासून लांब का ठेवतेस?" असं तू विचारलंस. "चोवीस तारखेपर्यंत तसंच असतं," म्हणून मी विषय मिटवला. पण सलग चार रात्रपाळ्या करून आले होते, त्यामुळे प्रश्न जरा जास्तच लागला.

आमच्या नंदाखालच्या घरी गोठा म्हणजे पप्पांचं काम. भाताचा पेंढा, विटांचा डोंगर आणि दोन आठवडे आधी ताटात पेरलेली नाचणी, ती शेत म्हणून. बाळ मात्र तुझ्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या ट्रंकेत, माझ्या बाप्तिस्म्याच्या झबल्यात गुंडाळलेलं. किल्ली तिच्या कमरेला. आजी तेव्हा चाफ्याची टोपली घेऊन पहाटेच्या विरार लोकलने दादरला जायची. मला जाग यायची तेव्हा तिची जागा रिकामी असायची, नुसता वास. नाताळच्या तोंडावर फुलांना भाव, म्हणून ती आणखीच उशिरा परतायची. करंज्या मावशीच तळायची, आणि मी ओट्यावर बसून रस्त्याकडे डोळे लावायचे.

चर्चमधली नाताळची मिस्सा आटोपून घरी आलो की आजी ट्रंक उघडायची आणि बाळ माझ्या हातात द्यायची. तिच्या नखांत चाफ्याचा पिवळेपणा असायचा. "ठेव, हळू." बस, एवढंच.

नाताळआधीचा आगमनकाळ, वाट बघणं वगैरे फादर तुला नीट सांगतील. मला तर कधी कधी वाटतं, आजीला फक्त मूर्ती फुटायची भीती होती. बाळाच्या उजव्या हाताचं बोट नाही ना, ते मी सहा वर्षांची असताना तोडलंय.

आजीच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. १९६२ ते १९६५ ची व्हॅटिकन परिषद झाली आणि मग ती हळूहळू मराठीत आली. आजी म्हणायची, तोवर आम्ही देवासमोर नुसत्या गुडघे टेकून बसायचो, बोलायचं ते माळ जपताना. माळेत तरी काय बोलायची! एकदा मी झोपलेय असं समजून मारियामातेला चक्क म्हणाली, "तुझं पोर तुझ्याजवळ तरी होतं गं." मी डोळे मिटूनच राहिले. तिला कधी सांगितलं नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ही रीत तू पाळलीच पाहिजेस असंही नाही. मला ती सोडवत नाही, इतकंच. चोवीसची पाळी मी बदलून घेतली आहे. बाळ वरच्या खणात, तुझ्या झबल्यात आहे. कुलूप लावलेलं नाही. नाचणीला तेवढं पाणी घाल, हीटरजवळ ती लगेच सुकते.

मम्मी