कुंडाच्या काठावरचं ठिगळ

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा जवळच्या खेड्यातलं जुनं चर्च पाहिलं. आत शिरताच बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे, बाराव्या शतकातलं. त्याच्या काठाचा एक तुकडा उडालेला आहे आणि तिथं वेगळ्या रंगाचा दगड बसवला आहे. चर्च दाखवणारे आजोबा म्हणाले, सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढणाऱ्या क्रॉमवेलच्या सैनिकांनी यात घोड्यांना पाणी पाजलं, तेव्हा ते फुटलं. हे खरं असेल का? बाळाच्या कपाळावर चार थेंब पाणी घालायला एवढं मोठं कुंड कशाला? आणि अशी कुंडं घडवणाऱ्या एखाद्या पाथरवटाचं नाव कुठं कळतं का? फोटो सोबत पाठवला आहे.

उत्तर : तुमचा फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. दगडी वस्तूंचं जतन करण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चांमध्ये. कुंडापाशी गेले की लोक आधी नक्षी बघतात, मी आधी काठ बघते. तुम्हीही काठच पाहिलात, याचा मला फार आनंद झाला.

घोड्यांची गोष्ट अनेक गावांत सांगितली जाते. पण घोड्याच्या तोंडानं काठाला असा चौकोनी खड्डा पडत नाही. हे काम कुलपाचं असावं.

मध्ययुगात कुंडातलं पाणी दर बाप्तिस्म्याला नवं भरत नसत. ईस्टर आणि पेंटेकॉस्ट या सणांच्या आदल्या रात्री धर्मगुरू ते मंत्रून पवित्र करत, त्यात पवित्र तेल मिसळत, आणि मग ते कुंडातच राहत असे. दगडात पाणी मुरू नये म्हणून आतून शिशाचा पत्रा ठोकलेला असे. तळाशी भोक असे. जुनं पाणी त्यातून थेट खालच्या जमिनीत मुरवायचं, इकडेतिकडे ओतायचं नाही.

असं पाणी समोर उघडं असल्यावर लोक ते घरी न्यायचे. आजारी माणसासाठी, गुरांसाठी, पिकासाठी, आणि जादूटोण्यासाठीही. १२१५ साली रोमच्या लॅटरन धर्मसभेनं पवित्र तेल कुलपात ठेवायचा हुकूम काढला, कारण तेच, कुणी त्याचा करणीसाठी वापर करू नये. कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांच्या १२३६ च्या नियमांत तर कुंडंच झाकून कुलूपबंद ठेवायला सांगितलं आहे.

मग गावोगावी झाकणं आली. काठावर समोरासमोर दोन भोकं पाडायची, त्यांत लोखंडी कोयंडे घालायचे आणि वितळलेलं शिसं ओतून ते पक्के करायचे. झाकणावरून आडवी पट्टी टाकून कुलूप लावायचं. पुढं कधीतरी हे कोयंडे उपटले गेले, नाहीतर जागच्या जागी गंजले. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतीचा दगड आतून फोडतं. एका चर्चमध्ये मी गुडघ्यावर बसून काठाला समांतर टॉर्च धरला होता. खड्ड्याच्या तळाशी शिशाचा राखाडी गोळा होता, नखानं ओरखडा उमटेल इतका मऊ, आणि त्यात कोयंड्याचं टोक अजून रुतलेलं होतं. त्या दिवशी माझ्या हातून पुढचं काम लवकर सुरू झालं नाही, नुसती बघत राहिले. अशा खड्ड्यांत एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीत नवा दगड बसवण्याची पद्धत होती. तुमचं ठिगळही तसंच दिसतं.

झाकणं पुढं फार देखणी होत गेली. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या अफर्डच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातलं लाकडी झाकण आहे, सुमारे १८ फूट उंच, कळसासारखं निमुळतं होत गेलेलं, टोकाला पेलिकन पक्षी. त्याचा खालचा भाग वरच्या भागावर सरकतो आणि कुंड मोकळं होतं. १६४४ साली विल्यम डाउसिंग हा माणूस संसदेच्या आदेशानं चर्चांमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडत या गावात आला होता. या झाकणाला त्यानं हात लावला नाही. आपल्या नोंदवहीत त्यानं पोपच्या तिहेरी मुकुटाची उपमा देऊन त्याचं वैभव लिहून ठेवलं.

म्हणून क्रॉमवेलच्या काळाचा संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. संसदेनं आणलेल्या १६४५ च्या नव्या उपासना-पद्धतीनं, जुनी कुंडं जिथं होती तिथं बाप्तिस्मा करायला मनाई केली. साधं भांडं पुरे झालं. बरीच कुंडं बाहेर काढली गेली. काही अंगणात पडून राहिली, काहींत गुरं पाणी प्यायली. १६६० साली राजा पुन्हा गादीवर आल्यावर कुंडंही परतली. आजोबांची गोष्ट या आठवणीतून आली असेल, फक्त तुमच्या ठिगळाला ती लागू पडत नाही.

आकाराचं उत्तर सोपं आहे. तेव्हा शिंपडत नसत, बाळाला बुडवत. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातही तीनदा बुडवायला सांगितलं आहे, आधी उजवी कूस, मग डावी, मग तोंड पाण्याकडे करून. बाळ अशक्त असेल तर नुसतं पाणी ओतलं तरी चालेल, अशी सवलत होती. पुढं ती सवलतच रीत झाली.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. या कुंडांच्या बहुतेक कारागिरांची नावं गेली, पण कंब्रियातल्या ब्राइडकर्क गावात एक नाव उरलं आहे. तिथलं चर्च एकोणिसाव्या शतकात नव्यानं बांधलेलं, पण आतलं चौकोनी कुंड बाराव्या शतकातलं. त्याच्या एका बाजूवर वेलबुट्टीच्या मधून एक पट्टी जाते आणि तिच्यावर रून लिपीत दोन यमकबद्ध ओळी कोरल्या आहेत. लिपी उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांची, भाषा मात्र त्या काळची इंग्रजी, आणि मध्येच काही अक्षरं इंग्रजी पोथ्यांतली. बोलतंय ते कुंडच. मराठीत ते साधारण असं होईल : ‘रिचर्डनं मला घडवलं, जपून या रूपास आणलं.’ आणि त्याच बाजूला खाली एक छोटा माणूस कोरलेला आहे, हातात हातोडा आणि छिन्नी. तो रिचर्डच असणार. त्याची छिन्नी वेलीच्या नक्षीला टेकलेली आहे, जणू ते पान अजून पुरं व्हायचं आहे. राजेरजवाड्यांची कितीतरी दगडी चित्रं मी साफ केली, पण या बोटभर माणसाइतकं कुणी मला जवळचं वाटलं नाही.

आता एक काम तुम्ही करा. फोटोत काठाची एकच बाजू दिसते. मुलाला पुन्हा त्या चर्चमध्ये पाठवा आणि ठिगळाच्या बरोबर समोरचा काठ बघायला सांगा. तिथंही तसाच तुकडा, शिशाचा डाग किंवा गंजाची तांबूस रेघ असेल, तर कुलूप नक्की होतं. टॉर्च वरून मारू नका, काठाला समांतर धरा. फोटो आला की मला जरूर पाठवा.