मालदीवला एवढे श्रीमंत पर्यटक जातात, तरी तो देश कर्जात का? आणि तिथं नोकरीला जावं का?

प्रश्न दोन आहेत, पण उत्तर एकाच गोदामातून देतो. २०१२ ते २०१८ मी मालदीवच्या एका रिसॉर्टमध्ये स्टोअर आणि खरेदी बघत होतो. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. पण बेटावर उतरणारी प्रत्येक गोणी, पेटी, कॅन माझ्या वजनकाट्यावरून आत जायचा, आणि त्या देशाचं दुखणं मला तिथंच कळलं.

स्थानिक लोकांच्या नाश्त्यापासून सुरू करू. मसहुनी म्हणतात त्याला. शिजवलेला टूना कुस्करायचा, त्यात ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मिरची, लिंबू कालवायचं आणि रोशीबरोबर खायचं. रोशी म्हणजे आपली पोळी, जराशी जाड. (मस म्हणजे मासा, रोशी म्हणजे रोटी, आणि पाण्याला ते फेन म्हणतात. त्यांची दिवेही भाषा सिंहलीची बहीण, त्यामुळे आपलीही लांबची नातलग. आठवड्याभरात निम्मे शब्द ओळखीचे वाटायला लागतात.) आता या ताटात त्यांचं स्वतःचं काय? मासा आणि खोबरं. कांदा बोटीनं आलेला, कणीक बोटीनं, चहा-साखर बोटीनं, गॅस बोटीनं, ताटसुद्धा बोटीनं. मासा पकडायला गेलेल्या होडीतलं डिझेलही बोटीनंच.

मी निफाडकडचा, म्हणून कांद्याचं जरा जास्त सांगतो. नाशिकचा कांदा जाळीच्या गोण्यांत तमिळनाडूतल्या तुतिकोरिन बंदराला, तिथून लहान मालवाहू जहाजानं राजधानी मालेला, मालेच्या धक्क्यावर उतरून आमच्या सप्लाय बोटीत, आणि मग आमच्या जेट्टीवर. दर टप्प्याला हमाली, दर टप्प्याला दमट हवा. वीस गोण्या उतरवल्या की दोन-तीन गोण्यांत काजळी धरलेली किंवा मोड आलेले निघायचेच. ते बाजूला काढून मी राहिलेल्या कांद्यावर भाव चढवायचो. रिसॉर्टच्या पाहुण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण समोरच्या गावाच्या बेटावरची बाई तोच कांदा तसाच चढलेल्या भावानं घेते.

डिसेंबर २०२३ मध्ये भारतानं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा आमच्याकडे बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. पुढं एप्रिल २०२४ मध्ये मालदीवला खास सूट मिळाली. वर्षाला ३५,७४९ टन कांदा, सुमारे १ लाख २४ हजार टन तांदूळ, ४२ कोटी ७५ लाख अंडी. त्या यादीत आणखी एक नोंद होती, १० लाख टन नदीची वाळू. पांढऱ्या पुळणीचे फोटो विकून जगणारा देश वाळू आयात करतो. कारण पुळण प्रवाळाच्या चुऱ्याची, खारी, सिमेंटला न चालणारी. शिवाय ती उपसली तर बेटच झिजणार. ही यादी जाहीर झाली त्या काळात दोन्ही देशांचे संबंध किती ताणलेले होते ते आठवा. भांडण कितीही झालं तरी अंडी लागतातच.

आता तुमचा मुख्य मुद्दा, पैसा येतो तर जातो कुठं. आला त्याच बोटीनं परत जातो, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. पाहुणा खोलीचे पैसे बहुतेक वेळा आपल्या देशात बसूनच एजंटला किंवा संकेतस्थळावर भरतो. पुष्कळ रिसॉर्ट परदेशी कंपन्या चालवतात, उरलेल्यांपैकी बरेच मोजक्या मोठ्या घराण्यांकडे आहेत. वाईन, लोणी, चादरी, सोलर पॅनेल, सगळं डॉलर मोजून बाहेरून. मग पगार. माझाच बघा ना, डॉलरमध्ये व्हायचा आणि आठवड्याच्या आत निफाडच्या बँकेत. त्या गळक्या टाकीच्या भोकांतलं एक भोक मी होतो. देशाच्या हातात उरतं ते कर, बेटाचं भाडं आणि स्थानिक पोरांचे पगार. तेही थोडं नाही, पण २०२४ मध्ये २० लाखांवर पर्यटक आले हे वाचून जेवढं वाटतं, तेवढं नक्कीच नाही.

यातूनच डॉलरची टंचाई. २०११ पासून अधिकृत दर डॉलरला १५.४२ रुफियाच्या (रुफिया म्हणजे तिथलं चलन) आसपास बांधलेला आहे, पण त्या दरानं बँकेत हवे तेवढे डॉलर मिळत नाहीत. माझ्या हाताखाली रिसीव्हिंगला, म्हणजे आलेला माल मोजून घ्यायला, एक मालदीवी पोरगा होता. त्याच्या आईला उपचारासाठी तिरुवनंतपुरमला न्यायचं होतं, तिथले खूप लोक नेतात. बँकेनं दिले ते डॉलर पुरेनात. मग तो पगाराच्या दिवशी माझ्या टेबलाशी रेंगाळायचा, काळ्या बाजारापेक्षा जरा कमी भाव लावून डॉलर देशील का म्हणून. मी किती वेळा दिले ते इथं लिहीत नाही. पण ज्या देशात रोज लाखो डॉलर उतरतात, तिथल्या माणसाला आईच्या ऑपरेशनसाठी ते परदेशी सहकाऱ्याकडे मागावे लागतात. २०२५ पासून तिथल्या सरकारनं पर्यटन व्यवसायाला डॉलर कमाईचा ठरावीक हिस्सा स्थानिक बँकेत बदलून घेणं कायद्यानं बंधनकारक केलंय. हे कधीच करायला हवं होतं असं माझं मत.

दुसरं दुखणं बाहेरून दिसतच नाही. बेटं सुमारे ११९०, वस्ती असलेली दोनशेच्या आत, आणि ती उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरवर विखुरलेली. आपल्याकडे पाचशे वस्तीच्या वाडीला शेजारच्या गावचा दवाखाना, शाळा, एकच वीजवाहिनी चालून जाते. तिथं पाचशे माणसांच्या बेटालाही स्वतःचं डिझेल जनरेटरचं वीजघर लागतं, स्वतःची जेट्टी, शाळा, आरोग्य केंद्र, सांडपाण्याची सोय. शेजारचं गाव म्हणजे मध्ये समुद्र, आणि पावसाळी वाऱ्यात बोट निघाली तर निघाली. दर माणशी सरकारचा खर्च किती वाढत असेल, हिशोब करा.

म्हणून जो तो मालेला. दहावीच्या पुढचं शिक्षण, चांगला डॉक्टर, सरकारी काम, बहुतेक तिथंच. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार, आणि त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास माले परिसरात. मूळ माले बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटर. आमच्या त्या पोराची खोली मी पाहिली आहे. दहा बाय बारा असेल. त्यात तो, दोन बहिणी, एक मेहुणा आणि मेहुण्याचं बाळ. तो सुटीवर आला की मेहुणा मित्राकडे झोपायला जायचा. गावाकडच्या बेटावर त्यांचं अंगणाचं घर रिकामं, फणसाच्या जातीचं एक मोठं झाड दारात. आणि पगारातला मोठा वाटा या खोलीच्या भाड्यात. शेजारी समुद्र भरून हुळुमाले नावाचं नवं बेट केलंय, २५ मजली इमारतीही झाल्यात. २०१८ मध्ये चीनच्या मदतीनं पूल झाला, त्यानं फरक पडला. पण घरं झाली की आणखी बेटांवरून माणसं येतात.

या गर्दीत काय होऊ शकतं ते मी ४ डिसेंबर २०१४ ला पाहिलं. खरेदीसाठी मालेत होतो. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले. मालेत तेव्हा गोड्या पाण्याचा दुसरा मोठा साठा नव्हता, जमिनीखालचं पाणी केव्हाच खारट आणि घाण झालंय. दुकानांपुढं बाटल्यांसाठी रांगा, काही ठिकाणी हाणामारी. माझ्या लॉजवाल्यानं मला दोन बाटल्या दिल्या, अंघोळीचं विचारू नकोस म्हणाला. दुसऱ्याच दिवशी भारताची विमानं पाणी घेऊन उतरायला लागली, मग नौदलाची जहाजं आली. चीननंही मदत पाठवली. राजधानीला प्यायचं पाणी विमानानं आणावं लागतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सामाजिक बाजू थोडक्यात सांगतो, कारण परक्यानं त्यावर फार बोलू नये. लहान खोल्या, शिकलेली पण कामाविना पोरं, ब्राऊन शुगर, टोळ्या हे मालेत उघड आहे. रिसॉर्टमध्ये नोकऱ्या आहेत, पण ते बेट घरापासून दूर, तिथं दारू चालते, म्हणून बरेच आईबाप मुलींना पाठवत नाहीत. घटस्फोटाचं प्रमाणही जगात अव्वल म्हणून नोंदलं गेलंय. बांधकाम, साफसफाई, हमाली करतात बांगलादेशी. देशात चारातला एक माणूस परदेशी आहे, आणि त्यातल्या अनेकांकडे कागद नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मालेत गॅरेजच्या वर राहणाऱ्या कामगारांच्या खोल्यांना आग लागून दहा जण गेले, त्यात भारतीयही होते. मी तेव्हा घरी होतो. बातमीतल्या फोटोतली ती गल्ली मला ओळखू आली.

मासेमारीचं म्हणाल तर तो त्यांचा खरा स्वतःचा धंदा. गळानं एकेक टूना ओढतात, जाळं टाकत नाहीत. बघण्यासारखं असतं. एका लयीत काठ्या वर जातात आणि मासे मागच्या बाजूला धडाधड पडतात. पण २०११ मध्ये मालदीव अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडला, आणि पुढं २०१४ पासून युरोपात मिळणारी करसवलत गेली. डबाबंद टूनावर आता तिथं २४ टक्क्यांपर्यंत आयातकर. थोडं बरं दिसायला लागलात म्हणून रेशनकार्ड काढून घेतल्यासारखं झालं. गिऱ्हाईक मात्र त्यांना 'श्रीमंत बेटं' म्हणूनच ओळखतं.

समुद्राचं शेवटी लिहितोय, लोक नेहमी तिथूनच सुरुवात करतात. २००९ मध्ये मंत्रिमंडळानं पाण्याखाली बैठक घेतली, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. देशातली ऐंशी टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरच्याही आत आहे. २००४ च्या त्सुनामीत ऐंशीहून अधिक माणसं गेली, कंदोलुधू हे आख्खं बेट सोडावं लागलं आणि त्यांचं गाव धुवाफारू नावाच्या रिकाम्या बेटावर नव्यानं वसवलं. पण मालेतला माणूस उद्या बेट बुडेल म्हणून झोप घालवत नाही. त्याची झोप भाड्यामुळे जाते. समुद्राची झळ लागते ती दुसऱ्या वाटेनं. बंधारे, भराव, नवी विमानतळं, पूल, घरं, हे सगळं कर्जातून. त्यात २०२० ला कोरोनानं पर्यटन बंद पडलं, आणि त्या वर्षी अर्थव्यवस्था एक तृतीयांशाच्या आसपास आकसली. असा खड्डा भरायला पुन्हा कर्जच. २०२४ मध्ये मानांकन संस्थांनी देशाचं पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या पतीचा दर्जा, कचऱ्याच्या पातळीतही आणखी खाली नेलं, हप्ता चुकतो की काय अशी वेळ आली. तेव्हा भारतानं ५ कोटी डॉलरच्या रोख्यांची मुदत वाढवली आणि ४० कोटी डॉलरची चलन अदलाबदल (आपलं चलन ठेवून ठरावीक मुदतीसाठी डॉलर घ्यायची सोय) दिली. त्याच वर्षी आपल्याकडून मालदीवच्या पर्यटनावर बहिष्काराची हाक होती, भारतीय पर्यटक दोन लाखांवरून दीड लाखाच्याही खाली घसरले. एकूण आकडा तरीही वाढला, चिनी आले.

एक गोष्ट मात्र मला पटली. २००९ नंतर गावांच्या बेटांवर घरगुती गेस्टहाऊस काढायला परवानगी मिळाली, माफुशी बेटापासून सुरुवात झाली. आमचा रिसीव्हिंगवाला पोरगा आता त्या दारातल्या झाडाच्या घरात तीन खोल्या चालवतो. मालेची खोली त्यानं सोडली. डॉलर थेट त्याच्या हातात येतो. कांदा अजून तुतिकोरिनहूनच येतो म्हणा.

आता नोकरीचं. रिसॉर्टची असेल तर जा. राहणं-जेवण फुकट, पैसा शिल्लक पडतो. मालेतली असेल तर राहायची खोली कोण देणार आणि तिच्यात किती जण, हे आधी लेखी घ्या. पगार डॉलरमध्ये की रुफियात ते करारात बघा. रुफियात असेल तर तो घरी कसा पाठवणार याचा विचार आत्ताच करा. पर्यटक म्हणून विमानतळावर मोफत मिळणाऱ्या व्हिसावर 'नंतर कागद करू' म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका, वर्क परमिटची मंजुरी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. पासपोर्ट मालकाकडे ठेवायला सांगितला तर पोच मागा. आणि स्टोअरची जागा असेल तर मला निरोप पाठवा, कांद्याच्या गोण्या कशा रचायच्या ते सांगतो.