वाचकांचे प्रश्न : पटावर मांडलेली शाळा

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मुलांना भूगोल, इतिहास आणि सदाचार शिकवण्यासाठी पटावरचे खेळ छापले जात, असे वाचनात आले. हे खेळ कसे असत आणि मुले त्यांतून खरोखर काही शिकत का? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : या खेळांचा साचा युरोपात त्याआधीच रुळलेला होता. बदकांचा खेळ म्हणून ओळखला जाणारा 63 घरांचा पट गोगलगायीच्या शंखासारखा आत वळत जाई. जितके दान पडेल तितकी घरे सोंगटी पुढे न्यायची, मध्येच विहिरीत किंवा तुरुंगात अडकायचे, 58व्या घरात मृत्यू गाठला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, असा तो निव्वळ नशिबाचा डाव होता. लंडनच्या प्रकाशकांनी हा साचा उचलला आणि त्याच्या घरांत शाळेचे विषय भरले. त्यातला एक आरंभीचा प्रयत्न जॉन जेफ्रीज यांचा 1759 सालचा ‘युरोपचा प्रवास’ हा खेळ. त्यात युरोपच्या नकाशावर मुक्काम आखलेले होते आणि रोमला पोचणाऱ्या खेळाडूला पोपच्या पायाचे चुंबन घेतल्याबद्दल थेट थंडगार आइसलंडला हद्दपार व्हावे लागे. भूगोलाच्या पाठात पोपची सत्ता न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचा चिमटा असा बेमालूम मिसळलेला होता.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत वॉलिस, डार्टन, हॅरिस अशा प्रकाशकांनी या व्यवसायाला मोठी बरकत आणली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून पट छापायचा, हाताने रंगवायचा, मग त्याचे तुकडे कापून कापडावर डकवायचे, म्हणजे नकाशासारखी घडी करून तो पुठ्ठ्याच्या म्यानात ठेवता येई. सोबत नियमांची छोटी पुस्तिका मिळे. अर्थात मजुराच्या घरी असा पट जाणे शक्यच नव्हते. तो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातला शिक्षक होता. 1803च्या एका पटावर विल्यम विजेत्यापासून तिसऱ्या जॉर्जपर्यंतचा इंग्लंडचा सारा इतिहास छोट्या वर्तुळाकार चित्रांतून मांडलेला आहे. 1804च्या खगोलशास्त्राच्या पटाला ब्लॅकहीथ येथे मुलींची शाळा चालवणाऱ्या मार्गारेट ब्रायन यांची मान्यता होती. त्यात ग्रहगोलांच्या जोडीला चक्क एक तुरुंग आहे, आणि ग्रहांच्या गतीपेक्षा बिलियर्डच्या चेंडूंच्या गतीकडे ज्यांचे लक्ष अधिक, त्यांची रवानगी तिथे होते.

शिकण्याचा प्रश्न मात्र पटाकडे नीट पाहिल्याशिवाय सुटत नाही. त्यासाठी 1790 साली जॉन वॉलिस आणि एलिझाबेथ न्यूबेरी यांनी काढलेला ‘मानवी जीवनाचा नवा खेळ’ घेऊ. तो नंतरच्या नीतिपर खेळांचा पूर्वज मानायला हरकत नाही. यात 84 घरे म्हणजे आयुष्याची 84 वर्षे, बारा-बारा वर्षांच्या सात टप्प्यांत विभागलेली. प्रत्येक घरात त्या वयाचे एक पात्र आणि शेवटच्या घरात ‘अमर पुरुष’, म्हणजे 84व्या वर्षी वारलेले न्यूटन. सातव्या घरातला अभ्यासू मुलगा एकदम 42व्या घरातल्या वक्त्याकडे जातो, तर 22व्या घरातला द्वंद्वयुद्ध करणारा तरुण तीन वर्षांच्या पोराच्या घरात परत येतो. इथवर सारे समजण्यासारखे आहे. पण 45व्या घरातला शोकांतिका लिहिणारा नाटककार सरळ 84व्या घरात जाऊन डाव जिंकतो, यातून मुलाने कोणता बोध घ्यावा हे सांगणे कठीण आहे. (नाटककारांना मात्र हा नियम पटेल.)

खरी अडचण त्याहून मोठी आहे. मूल अभ्यासू मुलाच्या घरात पोचते ते अभ्यास केल्यामुळे नव्हे, तर दान तसे पडल्यामुळे. सद्गुण आणि दुर्गुण दोन्ही नशिबानेच वाट्याला येत असतील, तर खेळणाऱ्याने सद्गुणी व्हायचे कसे? प्रकाशकांना हे कळत असावे, कारण नियमांसोबत पालकांना सूचना केलेली आहे की, प्रत्येक पात्राशी थांबून मुलांना त्याविषयी चार शब्द सांगावेत. माझ्या मते या खेळांतले शिक्षण पटावर नव्हतेच. ते त्या पुस्तिकेत आणि ती मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या माणसात होते. सोंगटी एखाद्या गावात थांबली की त्या गावाचे वर्णन वाचायचे, असा रिवाज भूगोलाच्या खेळांत असे, आणि तिथे शिकणे घडत असणार, कारण कोणते शहर कुठे आहे हे नकाशावर बोट फिरवता फिरवता लक्षात राहते. नीतीचे तसे होत नाही.

अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली यांनी 1860 साली काढलेल्या खेळात ही उणीव काही अंशी भरून काढली. त्यांचा पट बुद्धिबळाच्या पटासारखा 64 घरांचा होता आणि दान पडल्यावर कोणत्या दिशेला जायचे याची निवड बहुधा खेळाडूला असे. शाळेकडे वळायचे की आळसाच्या घराजवळून जोखीम घेत जायचे, हे ठरवावे लागे. 100 गुण मिळवणारा जिंकत असे, आणि त्यातले 50 ‘सुखी वार्धक्य’ या एकाच घरात मिळत.

प्रश्न : या खेळांत फाशांऐवजी भिंगरी वापरत असत, ती का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : फासे म्हणजे जुगार, हे समीकरण त्या काळच्या धार्मिक घरांत पक्के होते. म्हणून कडांवर आकडे लिहिलेली आणि मधोमध काडी खोवलेली कोनदार चकती फिरवत. ती ज्या कडेवर टेकेल तो आकडा म्हणजे दान. ‘मानवी जीवना’च्या खेळात तर कुटुंबात फाशांचा डबा शिरू नये म्हणून भिंगरी वापरावी, असे स्पष्टच सुचवले आहे. गंमत अशी की, त्याच खेळात टिकल्या लावून पैज मांडायची, दंड भरायचा आणि शेवटी जिंकणाऱ्याने सारा गल्ला उचलायचा, याला कोणाची हरकत नव्हती.

प्रश्न : आपला मोक्षपट आणि इंग्रजांचे हे नीतिपर खेळ यांचे काही नाते आहे का? (एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे)

उत्तर : उगमाचे नाते दिसत नाही, इंग्रजी नीतिपर पट बदकांच्या खेळातून आले. मोक्षपटाची परंपरा स्वतंत्र आहे. महाराष्ट्रात तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो, पण आज पाहायला मिळणारे पट त्यांच्या काळानंतर कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत. कवड्या टाकून सोंगटी चालवायची, शिडीने वर चढायचे, सापाच्या तोंडी पडून खाली यायचे आणि शेवटी वैकुंठ गाठायचे, ही त्याची रीत. जैन परंपरेतल्या पटांतही बऱ्याचदा 84 घरे आढळतात, परंतु न्यूटनच्या 84 शी त्यांचा संबंध जोडण्याचा मोह टाळावा.

वर सांगितलेली नशिबाची अडचण मोक्षपटाला तितकीशी भेडसावत नाही, आणि मला हा भेद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पडलेले दान हे पूर्वकर्माचे फळ मानले की, सोंगटी सापाच्या तोंडी का गेली याचे उत्तर खेळाच्या पोटातच मिळते, त्यासाठी पुस्तिकेतल्या उपदेशाची गरज उरत नाही. शिवाय कितीही वेळा घसरण झाली तरी खेळत राहणारा केव्हातरी वर पोचतोच, हेही त्या श्रद्धेला धरून आहे.

इंग्रजांना हा खेळ बराच आधी ठाऊक झाला होता. पेशवाई बुडाल्यानंतर पुण्याचे कलेक्टर झालेले हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी असा एक पट लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला 1831 साली भेट दिला. तिथे तो शास्त्रीबुवांचा स्वर्ग-नरकाचा खेळ या अर्थाच्या नावाने नोंदला गेला. इंग्लंडच्या बाजारात मात्र सापशिडी आली ती शतकाच्या शेवटच्या दशकात, 1892 साली एफ. एच. एअर्स यांच्या पटाच्या रूपाने. सुरुवातीच्या इंग्रजी पटांवर काटकसरीची शिडी कृतार्थतेकडे नेई आणि आळसाचा साप दारिद्र्यात टाकी. वैकुंठ वगळलेले होते. पुढे ती नावेही गळाली आणि केवळ आकडे लिहिलेली 100 घरे उरली, तीच सापशिडी आज आपल्या मुलांच्या हातात आहे.